शिरस्तेदारांचं चित्र

तंजावरच्या कलेक्टर कचेरीत मी अकरा वर्षं कारकून होतो. आमचे शिरस्तेदार आपल्यातलेच, घरी मराठी बोलणारे. नात्यानं बायकोचे लांबचे मामा. त्यांच्याच शब्दावर मला नोकरी लागली, आणि हे ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत.

पापनाशमजवळच्या एका गावात कालव्याचा बांध खचत चालला होता. मी जाऊन पाहिलं, रिपोर्ट लिहिला, त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी दाबून ठेवला. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, कावेरीला पूर आला, बांध फुटला, सात माणसं गेली. चौकशीत ते कलेक्टरसाहेबांसमोर शांतपणे म्हणाले, "ह्यानं मला काही कळवलंच नाही."

मी रिपोर्टाची नक्कल पुढे केली. साहेबांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. माझ्या नावावर शेरा बसला. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.

तंबूत सिनेमा दाखवणारा एक फिरता खेळवाला गावोगाव हिंडून थकला होता. त्याच्याकडून मी हातानं फिरवायचा जुना कॅमेरा घेतला. बायको म्हणाली, "लोक विचारतील, तेव्हा काय सांगू?"

"सांग, पोटाचा धंदा बदलला."

खरं कारण तिला ठाऊक होतं.

बुडालेल्या गावात मी महिनाभर राहिलो. एका म्हातारीचा मुलगा आणि सून वाहून गेले होते. तिनं नारळाच्या झाडावरची पाण्याची खूण दाखवली. तिच्या डोक्यापेक्षा हातभर वर होती. खुणेला हात पुरेना, तर ती टाचा उंचावून उभी राहिली. मी कॅमेरा फिरवत राहिलो.

मग शिरस्तेदारांना भेटलो. नव्या बांधावर तुमचं चित्र घेतो म्हटलं. ते खूश झाले. पागोटं, जरीचं उपरणं, हातात काठी.

"डावीकडून घे रे. अक्कल ठिकाणावर आली म्हणायची तुझी."

"आली, मामा."

त्याच खेळवाल्याच्या तंबूत खेळ ठरला, त्याचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी कुंकू घेऊन गेलो. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली. मुके चित्रपट होते ते. पडद्याशेजारी उभं राहून कुणीतरी तमिळमध्ये गोष्ट सांगायची. त्या संध्याकाळी मी उभा राहिलो आणि माझा रिपोर्ट सावकाश, तारखेसकट वाचला. पडद्यावर म्हातारी टाचा उंचावून झाडाला हात लावत होती. तिच्या लगेच पुढचा तुकडा मी शिरस्तेदारांचा जोडला होता. बांधावर उभे, मिशीवरून हात फिरवत, हसत.

 तंबूत मागून एक बाई ओरडली, "अय्यो, हा हसतोय बघा!"

ते उठले. वाट द्यायला कुणी हललं नाही. लोकांच्या गुडघ्यांवरून अडखळत ते बाहेर पडले. मी पडद्याच्या प्रकाशात त्यांची पाठ दिसेनाशी होईतो पाहिली. असं सुख मला नंतर कुठल्याच चित्रानं दिलं नाही, आणि मी पुष्कळ चित्रं काढली.

नोकरी त्यांची गेली नाही. पण देवळात त्यांना पाहून उठणारे लोक बसून राहू लागले. वर्षाच्या आत ते रजा घेऊन त्रिचीला लेकीकडे गेले. जाण्याआधी रस्त्यात भेटले. बरेच वाळले होते.

"चित्र कशासाठी काढतोस, एवढं तरी सांगायचंस."

"तुम्ही सांगितलंत मला, चौकशीत काय बोलणार ते?"

पुढं ते वारल्याचं कळलं. बायको मामींना भेटायला गाडीनं गेली. तिनं मला चल म्हटलं. मी गेलो नाही.