तुळशीच्या तेलाची दोन वर्तुळे

समूहातील सर्व सदस्यांस सादर नमस्कार.

माझ्या नातीने तिच्या महाविद्यालयात, जंतू वाढविलेल्या काचेच्या बशीत, दोन थेंब टाकले होते. एक मी घरी काढलेल्या तुळशीच्या तेलाचा, दुसरा आमचे शेजारी शामराव यांच्या तुळशीच्या तेलाचा. आज सकाळी तिने आम्हा दोघांस तेथे नेऊन निकाल दाखविला. माझ्या थेंबाभोवती जंतू मेल्याचे वर्तुळ मसुरीएवढे होते. शामरावांचे चांगले रुपयाएवढे! मला ते पाहवले नाही.

"आजोबा, तुम्ही तुळस उन्हात वाळवता ना? उन्हानं तेल उडून जातं," नात म्हणाली.

शामराव हसले. "आमी सावलीत वाळवतो की, तात्या! वैनींनीच सांगितलंय."

घरी येताच मी पत्नीस जाब विचारला. "शेजाऱ्यास सांगितलेस, मला का नाही?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमास्नी तीनदा सांगितलं. तुमी म्हणालासा, मला शिकवू नगंस. भावजींनी एका सांगण्यात ऐकलं."

वर्तुळाचा हेवा मी तुळस सावलीत वाळवून घालवीन. परंतु तिचे म्हणणे ऐकून घेणारा माणूस तिला शेजारी भेटला, हा हेवा कसा घालवावा? कोणास अनुभव असल्यास कृपया कळवावे.