शिंगं साळलेली गाडी

कारभारीला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा तो अशी चालवतो, की समोरून येणारा माणूस आपण होऊन शेतात उतरतो. तरी आमच्या सोनईत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, की आधी कारभारीच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि मग त्याला बरोबर घेऊन निघायचं, अशी रीतच पडली आहे. मी त्याला विचारतो, अरे, क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, एवढं तरी तुला ठाऊक आहे का? तो म्हणतो, मी बैल पारखायचो तवा काय सोता नांगराला जुंपून घ्यायचो का?

आणि बैल तो खरोखर पारखायचा. मी एलिया, प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. पण घरी वडिलांची शेती होती, आणि त्यांची शेवटची खिल्लार जोडी घोडेगावच्या बाजारातून कारभारीनंच घेऊन दिली. तेव्हा आम्हा दोघांनाही नुकतं मिसरूड फुटलेलं होतं. दलालीचा धंदा त्याला बापाकडून आलेला. कडब्याच्या पेंढ्या, घुंगरांचा आवाज, कढईतली भजी, आणि या सगळ्यात पाठीवर हात फिरवत, ओठ उचलून दात बघत फिरणारा कारभारी. भाव कधी तोंडानं बोलायचे नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची, की सौदा कळला. मला तो बाजार फार आठवतो. अजूनही घोडेगाववरून जाताना मी काच खाली करून उगाच वास घेतो, आणि मिळतो तो डिझेलचा.

त्या बाजारात लबाडीही चिक्कार. म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून, म्हणजे तासून गुळगुळीत करून, तेल चोळून त्याला तरणा करायचे. मरगळलेल्याला सकाळीच गूळ आणि दारू पाजायचे. कारभारीला हे लांबूनच दिसायचं, पण चारचौघांत त्यानं कुणाच्या जनावराची खोड कधी काढली नाही. तो एवढंच म्हणायचा, जरा जुंपून बघू. तासभर औत ओढलं की बैल आपली खोड आपणच सांगायचा, आणि विकणाऱ्याची अब्रू शाबूत राहायची.

मग ट्रॅक्टर आले आणि दावणी ओस पडल्या. कारभारी ओट्यावर बसून तंबाखू मळू लागला. जुन्या सवयीनं लोक त्याला ट्रॅक्टर, जीप बघायला नेत. तोही बिचारा बॉनेटवर हात फिरवून मान हलवायचा. पत्र्याची पाठ थोपटून काही कळत नाही हे त्याला समजत होतं, आणि घरी आला की तो दिवसभर घुम्यासारखा बसायचा. त्याला तसा बघून मला वाईट वाटायचं.

त्याची नात रेश्मा इंजिनिअरिंगला आहे. तिनं एक दिवस ऑनलाइन एक डबी मागवली. काडेपेटीएवढी, आणि एका बैलाच्या महिन्याच्या पेंडीपेक्षाही स्वस्त. गाडीच्या स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ एक खाच असते. तिथं ती खोचायची आणि चावी फिरवायची, की डबी ब्लूटूथनं मोबाईलशी बोलू लागते. इंजिनात बिघाड असेल तर त्याचा नंबर पडद्यावर येतो. कारभारी तो नंबर रेश्माला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ती त्याचा अर्थ मराठीत कळवते. गंमत अशी, की तसल्याच डबीनं तो नंबर पुसताही येतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो, बिघाड मात्र जागच्या जागी. पण पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा ॲप दाखवतं. हे कळलं त्या दिवशी कारभारी चपला न घालताच माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, ह्ये लोक बी शिंगं साळत्यात की." कित्येक वर्षांत मी त्याला इतका खूश बघितला नव्हता. तेव्हापासून गाडी बघायला तो मलाही सोबत नेतो, त्यामुळे तो आकडा मलाही वाचता येऊ लागला.

यंदा गाडी आम्हालाच घ्यायची वेळ आली. माझ्या बायकोला, दयाला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला न्यावं लागतं. भाड्याची गाडी उन्हाळ्यात इमामपूरच्या घाटात बंद पडली आणि दया उन्हात दगडावर बसून राहिली. तिचा श्वास लागला होता. डायलिसिसची एक खेप चुकली तर काय होतं, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलेलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, गाडी घरची पाहिजे. चालवायला आमचा मुलगा रॉबिन आहेच. कारभारीनं छाती पुढे काढून सांगितलं की त्याचे पुणतांब्याचे जावई, गोरक्षराव, आपली गाडी विकायला काढतायत. घरचीच आहे, डोळे झाकून घे.

गोरक्षराव गाडी घेऊन आले. पांढरीशुभ्र, धुतलेली. चहा झाला. कारभारीनं सवयीनं डबी खोचली. बिघाडाचा नंबर एकही नव्हता. त्यानं पडदा सरकवला आणि तो आकडा आला. पुणतांब्याहून सोनईला यायचं म्हणजे साठेक किलोमीटर. पडद्यावर मात्र बोटावर मोजण्याइतकेच. म्हणजे आमच्या वेशीबाहेर थांबून कुणीतरी दिवा विझवला होता. कारभारीनं तो आकडा बघितला, मीही बघितला, आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

बोलावं, तर जावयाला परक्या अंगणात खोटं पाडायचं, आणि त्याचं उट्टं लेकीवर निघायचं. न बोलावं, तर दया पुन्हा घाटात. मी गप्प बसलो. पारख त्याची, जावई त्याचा, तोंडही त्यानंच उघडावं असं मला वाटलं.

कारभारीनं डबी काढून खिशात घातली. म्हणाला, "पाहुणे, गाडी छान हाय. दयावहिनीला बसवून नगरापर्यंत जाऊन येऊ. चालवा तुमीच."

दया पुढे बसली, आम्ही दोघं मागे. घोडेगाव गेलं. दयाला बोलायला माणूस लागतं. तिनं गोरक्षरावांना लेकरांची नावं विचारली, उसाचं विचारलं, आणि मग सहज उन्हाळ्यातली हकिगत सांगितली. तक्रार म्हणून नाही. तो दगड कसा तापला होता, आणि एका ट्रकवाल्यानं पाण्याची बाटली कशी दिली, एवढंच. गोरक्षराव हूं हूं करत होते. हळूहळू ते हूंही थांबलं. माझ्या शेजारी कारभारीनं गुडघ्यावरची मूठ घट्ट आवळून धरली होती.

पांढरीच्या पुलापाशी, घाट लागायच्या आधी, गोरक्षरावांनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते.

"मामा, ही घाट चढत न्हाई. चढाला लागली की दम सोडती. टर्बो गेलाय. दिवा मीच पुसला, तुमच्या वेशीबाहेर."

मग त्यांनी मागे न बघताच विचारलं, "तुमाला ठाऊक हुतं?"

"अंगणातच कळलं हुतं," कारभारी म्हणाला.

"मग बोलला का न्हाई?"

कारभारीनं उपरण्यानं तोंड पुसलं.

"पाहुणे, घाट लागला असता तर बोललोच असतो. वहिनीला घेऊन ह्या गाडीत चढू दिलं नसतं. मग लेकीचं काय व्हायचं त्ये हू दे, म्हणलं. पर हितवर वाट बघायची ठरवली हुती. आवंदा सत्तरी उलटली माझी. लई बाजार बघितले. आपल्या जनावराची खोड आपल्या तोंडानं सांगणारा इकणारा मला कुठल्याच बाजारात भेटला न्हाई."

एवढं बोलून तो खाली उतरला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं गोरक्षराव उतरले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

दयानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो, टर्बो बदलून हीच गाडी घ्या."