जर्मन पत्राची रुजवात

वेल्ह्याच्या तहसील कचेरीत नकला देण्याच्या टेबलावर माझी सारी नोकरी झाली. त्या टेबलाने मला एकच गोष्ट शिकवली: नक्कल कितीही सुवाच्य असो, मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय खाली सही करायची नाही. याला आम्ही रुजवात घेणं म्हणतो. निवृत्त होऊन भोरला राहायला आले तरी खोड गेली नाही. लग्नपत्रिका आली तरी मी आधी तिथी आणि तारीख जुळते का ते पाहते.

विंझरच्या माझ्या भावाच्या मुलीला जर्मनीतल्या एका गावात नर्सची नोकरी लागली आणि तिकडून पत्रं येऊ लागली, तेव्हा ती मोबाईल घेऊन माझ्याकडेच आली. पुण्यात क्लास लावून ती जर्मन शिकली होती, परीक्षाही पास झाली होती. पण परीक्षेतले जर्मन लोक फक्त हवापाणी विचारतात आणि सफरचंदं विकत घेतात. खरी माणसं लिहायला लागली की तिचा धीर सुटायचा.

"आत्या, शब्द कळत्यात, पर त्यास्नी म्हणायचंय काय ते न्हाई कळत," ती म्हणाली.

मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नेटवर भाषांतर करणाऱ्या साइट ढिगाने आहेत आणि मला वेळही ढिगाने आहे. पहिल्याच दिवशी एका साइटने हॉस्पिटलच्या पत्राचं मराठी असं केलं की, तुमचं स्टेशन तिसऱ्या मजल्यावर आहे. भाऊ भाबडेपणाने म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर गाडी चढती कशी?" ते लोक वॉर्डाला स्टेशन म्हणतात, हे शोधायला मला अख्खी दुपार लागली.

मग मी माझी कचेरी थाटली. सुटा शब्द घालायचा नाही, पुरं वाक्य घालायचं. थेट मराठीत आणायचं नाही, आधी इंग्रजीत आणायचं; त्या वाटेवर खड्डे कमी. दोन साइटचं जुळलं नाही तर शब्दकोशात जाऊन त्या शब्दाची माणसांनी लिहिलेली वाक्यं वाचायची. आणि शेवटी आलेलं भाषांतर पुन्हा जर्मनमध्ये उलटवायचं आणि मुळाशेजारी ठेवायचं. पोरगी मूळ वाचायची, मी नक्कल वाचायची. खरं सांगते, मला भलताच माज चढला होता.

अडलं होतं ते राहण्याच्या जागेवर. महिन्याच्या आत तिथला पत्ता कळवला नाही तर नोकरीवर दुसरी मुलगी घेऊ, असं हॉस्पिटलने स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनीच एका म्हाताऱ्या बाईंची गाठ घालून दिली. बाईंचं पत्र गोड होतं. हॉस्पिटलच्या मागेच घर आहे, खालची खोली रिकामी आहे, स्वयंपाकाची वेगळी सोय आहे, तुम्ही आलात की गाडी घेऊन न्यायला येते. खोली हवी का ते कळवा.

आनंदाने आम्ही उत्तर लिहायला बसलो. आधी मराठीत, माझ्याच अक्षरात. आपण माझ्यासाठी कशाला त्रास घेता, माझ्यामुळे आपली अडचण नको, माझं काय, कुठेही भागेल, आपण विचारलंत यातच सगळं आलं. जर्मनमध्ये नेलं, उलटवलं, चारदा ताडलं. काना-मात्रेचा फरक नव्हता. पाठवून दिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मोकळेपणाने सांगितलंत, बरं वाटलं. तुम्हाला खोली नको आहे हे समजलं. आणखी एका मुलीने विचारलं आहे, तिला उद्या कळवते. शुभेच्छा.

पोरीचं तोंड पांढरं पडलं. मी साइटवर घसरले. नालायक कुठल्या, यांनीच काहीतरी उलटंसुलटं पाठवलं असणार! पुन्हा सगळं तपासलं. भाषांतर चोख होतं. तीच तर पंचाईत होती.

घरी सांगणं भागच होतं, म्हणून त्याच दिवशी नसरापूरला गाडी बदलून आम्ही विंझर गाठलं. दारात वहिनीने विचारलं, "वन्सं, च्या टाकू?" मी म्हटलं, "नको गं, आत्ताच झालाय." ऐकून न ऐकल्यासारखं करून तिने आधण ठेवलं आणि मग आमचं आणि बाईंचं, अशी दोन्ही पत्रं मराठीत वाचून घेतली. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली.

"तुमी नको म्हणलात, त्या बाईनं नको आयकलं," ती म्हणाली. "आपल्यात नको म्हणलं तर माणूस आनखी दोनदा इचारतं. त्यांच्यात एकदाच इचारत असत्याल. सरळ लिवा की, खोली पायजे म्हनून."

"असं कसं लिहायचं? हावरट दिसतं ते."

"मग दिसू द्या!"

तिथेच ओट्यावर बसून लिहिलं: मला खोली हवी आहे. तुम्ही न्यायला आलात तर मला आनंद होईल. आमच्याकडे पहिल्याच खेपेला हो म्हणत नाहीत, म्हणून मी नको लिहिलं होतं. उलटवून पाहायला वेळ नव्हता. पोरीने डोळे मिटून पाठवलं. बाईंचं एका ओळीचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं: दुसऱ्या मुलीला अजून कळवलं नव्हतं, खोली तुमची.

जायच्या दिवशी दुपारी भावाने जीप आणली. दोन महिने वहिनी एकच पालुपद लावून होती: मला काय व्हतंय, तू जा बिनघोर. पोरीने निघता निघता रीत म्हणून विचारलं, "आई, इमानतळापर्यंत येतीस?" म्हशींचं कोण बघणार, हे तिचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"व्हय, येती. मला यायचंच हाय," वहिनी म्हणाली. "आन तू जाऊ नये, असं बी मला लई वाटतंय. ते बी आयकून जा."

पोरगी आईला घेऊन होती तिथेच पायरीवर बसली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून रडली. विमान गाठायचं होतं, तरी भाऊ कुणालाच ऊठ म्हणाला नाही.