अंकुश सरांचा तास

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो होतो. गेवराईच्या रस्त्यावर ट्रकनं मोटारसायकल उडवली, अंकुश जागेवरच गेला... पलीकडचा माणूस एवढंच बोलला. सकाळीच त्यानं बीडला आमच्या कॉलेजात समाजशास्त्राचा तास घेतला होता आणि दुपारच्या तासासाठी तो गेवराईच्या कॉलेजात निघाला होता. दोन्हीकडे तो तासिका तत्त्वावर होता, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे. उशीर झाला, तास बुडाला, की ते पैसेही बुडाले. म्हणून गाडी जोरात हाणायचा. मी त्याच विषयाचा विभागप्रमुख, कायम नोकरीतला. मला आयुष्यात कुठे घाईनं पोचावं लागलेलं नाही.

अंकुश काही संत नव्हता. भांडखोर होता, इस्त्रीच्या शर्टाचा त्याला भारी तोरा होता, आणि माझ्या कप्प्यातले खडू तो न विचारता उचलायचा. दुसऱ्या वर्षाला सामाजिक विषमतेचं एक प्रकरण आहे. त्यातला एक सिद्धांत सांगतो की समाजाला जी कामं जास्त गरजेची आणि ज्यांना लायक माणसं कमी, त्यांना मोबदला जास्त द्यावा लागतो, नाहीतर माणसं शिकणार नाहीत, राबणार नाहीत. दुसरा म्हणतो, मोबदला गरजेवर ठरत नाही, ज्याच्या हाती सत्ता तो ठरवतो. मला या प्रकरणाचा कंटाळा आला होता, म्हणून अंकुश आला त्या वर्षीच ते त्याच्या गळ्यात टाकलं. एकदा चहाच्या वेळी तो म्हणाला, "सर, तुमच्या त्या पहिल्या सिद्धांताचं मला काई समजंना. पैसा न्हाई तर मानूस काम करीत न्हाई म्हनं. माझं बिल दिवाळीपासून निघंना, अन् मी तर रोज येतोय." मी म्हणालो, "तू अपवाद आहेस रे." सगळे हसले. तोही हसला, आणि खडू घेऊन वर्गावर गेला.

दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग ओस पडतो. शिरूर कासारकडची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अंकुश त्यांना रविवारी बोलवून बुडालेलं सगळं पुन्हा शिकवायचा. रविवारचा तास कुठल्याच बिलात धरत नाहीत. "कशाला रे हा उद्योग?" असं मी विचारलं तेव्हा तो चिडलाच. "तोंडाकडं बघत बसत्यात ओ ती, काईच कळत नसतंय. मला बघवत न्हाई." मला मात्र बघवत होतं. इतकी वर्षं मी त्याच वर्गात, त्याच पोरांसमोर पुढचा धडा सुरू करत आलो.

तो गेला त्याच दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची का, यावर बोलणं झालं. कर्मचारी वारला तर कॉलेज बंद ठेवतात. तासिकेवरचा माणूस कर्मचाऱ्यांत मोडत नाही, असं ठरलं. मी तिथेच होतो आणि मूग गिळून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून भाड्याच्या गाडीनं अंत्यविधीला गेलो. शिरूरच्या पुढे त्याचं गाव. माझी रजा पगारी आहे, हे वाटेत लक्षात आलं आणि ड्रायव्हरकडेही बघवेना. गावात सगळ्यांना अंकुश 'पर्मनंट' असल्याचंच माहीत होतं, तसं त्यानंच सांगितलं होतं. त्याचे वडील, अण्णा, चार माणसांत बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "सर, आज कालेज बंद ठिवलं आसंल की."

"हो अण्णा. बंद आहे."

"लई बरं केलं. तेवढा मान होता त्याला." त्यांनी मान वळवून शेजारच्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. त्या वेळी आमच्या कॉलेजात तिसरा तास चालू असणार...

पुढच्या आठवड्यात त्याचा वर्ग माझ्याकडे आला. नेमकं तेच प्रकरण अर्धवट राहिलं होतं. खुर्चीत बसून मी सुरुवात केली, "जी कामं समाजाला जास्त गरजेची, त्यांना जास्त मोबदला द्यावा लागतो, कारण त्यावाचून माणूस मनापासून काम करत नाही." पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, हे लिव्हायचं का पेन खाली ठिवायचा?"

मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं. पेपरात जे मागतात त्याला अंकुश सर 'लिहा' म्हणायचे, आणि जे त्यांना स्वतःला खरं वाटायचं ते सांगताना आधी सगळ्यांना पेन खाली ठेवायला लावायचे.

"या प्रकरणात पेन खाली ठेवायला लावले का?"

"याच्यात लई येळा, सर."

सगळा वर्ग हातात पेन धरून माझ्याकडे बघत होता. पोरं वाट बघत होती. मला त्या खुर्चीची इतकी लाज वाटली की उठून उभा राहिलो. पेन खाली ठेवा म्हणून पुढे सांगावं असं माझ्याकडे काय होतं?

"लिहा," मी म्हणालो, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.