धुक्यात घेतलेलं नाव

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आई गाडीच्या खिडकीशी उभी होती. लग्नानंतर काही महिन्यांनी मी ह्यांच्यामागून अमेरिकेला निघाले होते, आणि मुंबईची गाडी सुटायला आली तरी आईच्या सूचना संपत नव्हत्या. थंडीत कान बांध, वेळेवर जेव, पत्र टाकत जा. शेवटी अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तिकडे बायका नवऱ्याला नावाने हाक मारतात म्हणे. तू नको हो मारूस. माणसाचं आयुष्य कमी होतं." कंडक्टरने घंटी दिली. मी मान डोलावली. बी.एस्सी. झाले होते तरी मनात म्हटलं, असेलही खरं, कशाला उगाच परीक्षा बघा?

तुमच्यापैकी ज्या त्या सुमारास इकडे आल्या त्यांना हे सांगायला नको, पण तिकडे राहिलेल्यांना हसू येईल. ओहायोत डब्लिनला आमचा संसार सुरू झाला आणि ह्यांचं नाव न घेता दिवस काढणं हे एक कामच होऊन बसलं. ऑफिसात फोन केला की मी विचारायची, "मे आय स्पीक टू माय हजबंड?" शेवटी तिथली रिसेप्शनिस्ट माझा आवाजच ओळखायला लागली. डॉक्टरकडे नाव विचारलं तर मी स्पेलिंग सांगे. सुटी सुटी अक्षरं म्हणजे काही नाव नव्हे, असा माझा युक्तिवाद. ऑफिसात ह्यांना सगळे प्रॅब म्हणत, पण मी तेही तोंडातून काढलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एवढ्याशा अपार्टमेंटमध्ये "अहो" कुठेही ऐकू जायचं, अडत काही नव्हतं.

आमची मिनू पाच वर्षांची झाली त्या ऑगस्टात ह्यांनी कॅम्पिंगचा बेत काढला. ऑफिसातले लोक दर उन्हाळ्यात उत्तरेला मिशिगनच्या तळ्यांवर जात, तंबू ठोकून राहत, फिशिंग करत. मला ते काही पटेना. चांगलं घर सोडून, वर पैसे देऊन, जंगलात जमिनीवर झोपायचं, ही कसली हौस? त्यातून हे वर्ध्याचे. पोहता येत नाही, मासा कधी तोंडात घातलेला नाही. तरी मित्राकडून तंबू आणि गळ मागून आणले. मी आपला मसाला, रवा आणि कोकमं बांधून घेतली. पकडायचे ह्यांनी, खायचे मी आणि मिनूने, असं ठरलं.

पहिला दिवस खरंच छान गेला. ह्यांनी भाड्याच्या मोटरबोटीतून दोन मासे आणले, मी ते रवा लावून तळले. वासाने शेजारच्या तंबूतली बार्बरा आली. ती आणि तिचा नवरा दर वर्षी तिथे येणारे, आमच्या आईवडिलांच्या वयाचे. तिने एक तुकडा खाल्ला, डोळे पुसले, पाणी प्यायली आणि दुसरा तुकडा मागितला. खुराड्याएवढ्या त्या तंबूत रात्री मला झोप कशी लागली कोण जाणे.

सकाळी उठले तर हे नव्हते. बोट घेऊन जाणार हे मला सांगितलेलं होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. पण तंबूची चेन उघडली आणि समोर तळंच नाही. झाडं नाहीत, धक्का नाही, नुसतं पांढरं धुकं. आणि बाहेरच्या बाकावर ह्यांचं केशरी लाइफ जॅकेट पडलेलं. पोहता न येणारा माणूस ते न घालताच गेला होता.

दुरून बोटीच्या मोटरचा आवाज येत होता. तो दोनदा अडखळला आणि बंद पडला. मी मिनूला घट्ट धरून धक्क्याच्या टोकाला गेले आणि ओरडायला लागले, "अहो, अहो!" त्या तळ्यांवर लून नावाचे पक्षी असतात, तेही मोठमोठ्याने ओरडत होते. माझं अहो त्यात कुठल्या कुठे विरून जात होतं. बार्बरा कोट घालत धावत आली. तिच्या नवऱ्याने धुक्याकडे बघितलं आणि तो तडक रेंजरला, तिथल्या वनरक्षकाला, आणायला गेला. मग तिनेच सांगितलं, तळ्याच्या एका टोकाला पाणी खडकांवरून खाली नदीत पडतं, आणि धुक्यात माणूस वल्हवत नेमका तिकडेच जातो. हे तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

लोक जमले. कुणी गाड्यांचे हॉर्न वाजवायला लागले, बार्बरा "प्रॅब, प्रॅब" करत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हनी, कॉल हिम बाय हिज नेम." मिनूने माझा हात ओढला. "मॉमी, से बाबाज नेम. एव्हरीबडीज डॅडी इज अहो." खरंच होतं. आमच्या गणपतीला एखादीने अहो म्हटलं की सगळे पुरुष मागे वळून बघायचे.

नाव घेतलं तर ह्यांचं आयुष्य कमी, आणि नाही घेतलं तर? मला गाडी चालवता येत नव्हती. ह्या जंगलात पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मी कुणाकडे बघणार होते? त्या क्षणी मला आईचा असा राग आला की सांगता सोय नाही. म्हटलं, सगळं सांगितलंस, धुक्याचं काही का नाही सांगितलंस गं बाई? आणि मी ओरडले, "प्रभाकर!"

शिवी दिल्यासारखं वाटलं. पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. प्रभाकर, प्रभाकर, प्रभाकर. रडत होते आणि ओरडत होते. मग धुक्यातून, अगदी लांबून आवाज आला, "आलो. थांबू नकोस, हाक मारत राहा."

बोट दिसली तेव्हा माझा घसा बसला होता. हे पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "हॉर्न चारी बाजूंनी ऐकू येत होते, काही कळेना. मग कुणीतरी प्रभाकर म्हणालं. इथे मला असं कोण म्हणतं? वर्ध्याला आई म्हणायची. म्हटलं, आपलं माणूस तिकडे आहे." मी सगळ्यांसमोर त्यांना जॅकेटवरून इतकं झापलं की बार्बराने मिनूला बाजूला नेलं.

भीती मात्र तिथे संपली नाही. पुढे कितीतरी वर्षं ह्यांना साधा ताप आला, बर्फात फ्रीवेवर उशीर झाला, की मला वाटे, हे माझ्यामुळेच. भारतात गेले तेव्हा एकदा आईला स्वयंपाकघरात सगळं सांगून टाकलं. ती कोलंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग? ऐकलं ना त्यांनी?" आणि थोड्या वेळाने, "मी असते तर तुझ्याआधी मीच मारली असती हाक."

आता आई नाही. रत्नागिरीचं घर भावाचं आहे आणि आम्ही तिथे पाहुणे म्हणून जातो, आमच्यासाठी नवी चादर काढतात. हे रिटायर झाले. संध्याकाळी आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागे फिरायला जातात आणि सेलफोन हमखास टेबलावर विसरतात. हिवाळ्यात लवकर अंधारतं. माझा जीव खालीवर व्हायला लागतो. मी मागचं दार उघडते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारते, पूर्ण नावाने. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मला ते दार आठवतं. अंधारातून ह्यांचा वैतागलेला आवाज येतो, "आलो गं. दार लाव आधी, सगळी हीट बाहेर जातेय." जाऊ दे. हे नजरेला पडेपर्यंत मी काही ते लावत नाही.