दुरुस्तीला कधीच न येणारा लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याने मला फसवलं आणि त्याच्या भरवशावर मी माझ्या मुलीला फसवलं. आधी एवढं लिहून ठेवतो.

गेवराईत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसलो, आज दुकान माझं आहे. विहिरीची नवी मोटार कोणती घ्यावी, हे लोक एजंटाला नाही, मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: जी माझ्याकडे जळून कमी येते, ती घ्या.

मुलीला पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. तीन महिने बघणार, मग कायम करणार. लॅपटॉप मात्र स्वतःचा हवा. काम टिकलं तर वर्षभर स्थळं बघायची नाहीत, असं तिने आईकडून कबूल करून घेतलं होतं. तिने कागदावर एका कंपनीचं नाव लिहून दिलं.

"पप्पा, हाच घ्या. याचं सर्व्हिस सेंटर बीडातच हाय."

मी कागद खिशात घातला आणि बीडला उतरून थेट एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्या टेबलावर सात-आठ लॅपटॉप उघडून पडले होते. त्यातले चार मुलीने लिहिलेल्या कंपनीचे.

"हा लई येतो का रं?"

"रोजच, मामा."

"मग न येणारा कोन्ता?"

त्याने एक नाव घेतलं. "त्यो आपल्याकडं येतच न्हाई." आणि समोरच्या दुकानाकडे बोट केलं.

तिथे मी दोन तास भाव केला. दोनदा उठून पायऱ्या उतरलो, दोनदा दुकानदाराने हाक मारली. शेवटी बॅग आणि माऊस फुकट घेऊनच निघालो.

घरी मुलीने खोक्यावरचं नाव वाचलं. "पप्पा, कागद हारवला का?"

"कागदाला काय कळतं? मी टेबल बघून आलोय."

पाचव्या आठवड्यात तिचं काम चालू असताना स्क्रीन काळी पडली ती पडलीच. मी लॅपटॉप घेऊन त्याच दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तो उलटा केला, नाव बघितलं आणि परत माझ्या हातात दिला.

"हा आमी घेत न्हाई, मामा. कंपनीनं इकडलं काम बंद केलंय. पार्ट मिळत न्हाईत, वॉरंटीबी चालत न्हाई."

"तू तर म्हणलास, येतच न्हाई."

"मंग खोटं हाय का? कुनी घेऊन आलं तर दारातूनच वापस लावतो."

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. समोरचा दुकानदार पायरीवरून बघत होता. तो म्हणाला, "शेठ, एवढा भाव पाडून दिला, तवा इचारायचं व्हतं, कावून देतोय म्हणून."

ते मला कळायला हवं होतं.

मुलीने चार दिवस मोबाईलवर काम ओढलं. त्याच आठवड्यात मी तिने लिहिलेल्याच कंपनीचा लॅपटॉप आणला, छापील किमतीला, एक शब्द न बोलता. तोवर पुण्याहून दुसऱ्या कुणाला तरी घेतल्याचा निरोप आला होता. नवा लॅपटॉप कपाटावर आहे, खोकंही फोडलेलं नाही. ती माझ्याशी भांडली असती तर मीही आवाज चढवला असता. ती भांडतच नाही. रविवारी माजलगावचे पाहुणे तिला बघून गेले. त्यांनी विचारलं तेवढ्याचंच ती उत्तर देत होती.

माझ्या दुकानात कुणी विचारलं, अमकी मोटार दुरुस्तीला का दिसत नाही, तर मी सांगतो, तिचं सामान मिळत नाही, घेऊ नका. न विचारताही सांगतो. मग त्या दुरुस्तीवाल्याने मला का सांगितलं नाही? मला त्याच्याकडून पैसे नकोत. त्याने माझ्या घरी यावं, मुलीसमोर बसावं आणि तिचं काम कुणी घालवलं ते सांगावं. माझं नाव घ्यायचं असेल, तर तेही तिच्यासमोरच घ्यावं.