सड्याचं गाऱ्हाणं

काशीराम घाडींना गावच्या मुंबई मंडळात एकच मान होता. सभेत काहीही ठरो, शेवटी देवाला गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते झालं की ठराव पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

मिल बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनकी करून घाटकोपरच्या झोपडीत संसार रेटला. ती झोपडीही तुटली आणि बदल्यात सरकारने माहुलला खोली दिली. खोली कसली, रिफायनरीच्या उशालाच नेऊन टाकलं म्हणा ना! खिडकी उघडली की डोळे चुरचुरतात. चार वर्षांत बायकोच्या, रुक्मिणीच्या, छातीचा पार खुळखुळा झाला. डॉक्टर म्हणाले, हिला या हवेतून हलवा. हलवायचं कुठे? गावी सड्याखाली वडिलांचं घर होतं. दिवाळीनंतर तिकडेच जायचं, असं दोघांनी ठरवून टाकलं.

आणि आता नेमकी त्याच सड्यावर रिफायनरी येणार होती. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं मोकळं रान. कागदावर सरकारी, पण चरतात गावाची गुरं. सरकारने तो कंपनीला द्यायचं ठरवलं होतं आणि त्याला मंडळाचा पाठिंबा हवा होता.

रविवारी घाटकोपरच्या एका शाळेत सभा भरली. अध्यक्ष गुणाजी म्हणाला, "पोरांना नोकऱ्या लागतील. नुसता कातळ राखून पोट भरणार आहे का?" पटापट हात वर झाले. काशीरामांच्या सख्ख्या मुलाचा, निलेशचाही. आईचा खोकला रोज ऐकणारा पोरगा! पण कुरिअरची बॅग वाहून त्याचीही कंबर मोडली होती, त्याला तरी काय बोलणार?

"दादा, गाऱ्हाणं घाला," गुणाजी म्हणाला.

काशीराम उठले. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! सडो कंपनीक देवक जो कोण हात पुढे करीत, त्येचो हात थयच आडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने अख्खी सभा गरजली. मग एकेकाच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो. गुणाजीचा चेहरा पडला. पण देवापुढे बोललेलं परत घ्यायची कोणाची टाप नव्हती. ठराव तिथेच बारगळला.

बाहेर आल्यावर निलेश म्हणाला, "झालं समाधान, बाबा? अहो, जमीन सरकारची. आपला पाठिंबा नुसता फोटोपुरता हवा होता. कुंपणाचे खांब कालच सड्यावर पोचलेत. हो म्हटलं असतं तर निदान नोकरी तरी पदरात पडली असती."

काशीरामांना भडभडून आलं. घरी गेल्यावर रुक्मिणीशी खोटं बोलायचा धीर झाला नाही, सगळं सांगून टाकलं. ती दम लागेपर्यंत खोकली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

"थय जावन ह्योच वास घेवचो, तर माका गावाक कित्याक न्हेतास?" ती म्हणाली. "हयच मरतंय."